ओबिस्पो बोक्याची साखर कुठे गेली?

त्या रविवारी आमच्या पुएर्तो शिंबिलो गावाच्या नदीकाठच्या धक्क्यावर माणसांपेक्षा मांजरं जास्त जमली होती. टोपल्यांतली मांजरं, पोत्यांतली मांजरं, तान्ह्या मुलाच्या दुपट्यात गुंडाळलेली मांजरं. एका बाईने आपली मांजर भाताच्या पातेल्यात बसवून आणली होती आणि वरून झाकण धरलं होतं. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतून लाँचा भरभरून लोक येत होते. कुणी कुत्रं आणलं होतं, कुणी पोपट. एका गृहस्थाने तर सासूलाच आणलं होतं. पास्तोरा तिचं नाव. तिला मांजरांच्या रांगेत उभं करून जावईबापू स्वतः सावलीला जाऊन बसले होते.

या सगळ्यांना दर्शन घ्यायचं होतं ओबिस्पोचं. ओबिस्पो म्हणजे बिशप, पण आमचा ओबिस्पो हा बोका. अंगभर काळा, गळ्याशी पांढरा पट्टा, आणि चाल इतकी संथ की वाटावं, आता थांबून आशीर्वादच देईल. धक्क्यावर तळलेल्या मासळीची खानावळ चालवणारी एर्मेलिंदा युंबातो, तिचा हा बोका. त्याला साखरेचा आजार होता आणि मायेस्त्रो सालुस्तियानो यांच्या चंद्रजलाने तो समूळ बरा झाला, अशी ख्याती नदीभर पसरली होती.

ती पसरली कशी हे मला विचारा. आमच्या ओहोळांवरच्या वस्त्यांना टपाल पोचत नाही. लोक एकमेकांना निरोप पाठवतात ते रेडिओवरून, आणि गावच्या रेडिओवर ते निरोप वाचण्याचं काम माझं, लेओनीदास पिनेदोचं. गेले कित्येक दिवस माझ्या तोंडून असली वाक्यं बाहेर पडत होती: "शापाहा ओहोळावरच्या आर्तिदोरो यांना बहिणीकडून निरोप. मांजर घेऊन ताबडतोब निघा. डुक्कर आणू नका, डुकराला मायेस्त्रो हात लावत नाहीत." वाचताना मला हसू यायचं आणि हसता हसता संतापही यायचा.

झाडपाल्याच्या वैद्याला आमच्याकडे मायेस्त्रो म्हणतात. खरे मायेस्त्रो मी पाहिलेत. ते कमी बोलतात. हा गृहस्थ नदीच्या खालच्या अंगाकडून कुठून तरी आलेला, पांढऱ्या विजारीतला, गळ्यात जग्वारच्या दातांची माळ आणि ते सगळे दात अगदी सारख्या मापाचे. तो बाकावर चढला, चिरुटाचा धूर चारी दिशांना फुंकला आणि सुरू झाला.

"भावांनो, बहिणींनो! साखर म्हणजे काय? साखर म्हणजे रक्तात अडकलेला सूर्य! उसात कोण शिरतो? सूर्य! मग सूर्याला कोण विझवतो? डॉक्टर? सुई?"

"चंद्र!" गर्दी ओरडली. तिला हे पाठच झालं होतं.

"चंद्र! आणि तो या बाटलीत आहे!"

मग प्रयोग. पातेल्यातल्या मांजरीचं मूत एका काचेच्या ग्लासात घेतलं होतं. मायेस्त्रोने त्यात कागदाची एक पट्टी बुडवली. ही पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. तिच्या टोकाला निळा चौकोन असतो. साखर असली की तो तपकिरी होतो, नसली की निळा राहतो. पट्टी तपकिरी झाली. बायका हळहळल्या. मायेस्त्रोने बाटलीचं झाकणभर चंद्रजल ग्लासात ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि नवी पट्टी बुडवली. चौकोन निळाच्या निळा.

"गेला सूर्य!" तो गरजला, आणि धक्क्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. टाळ्यांना घाबरून मांजरी पोत्यांत घुसल्या.

माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झालो. "मायेस्त्रो, दुसरी पट्टी खोटी आहे. मेलेली पट्टी. मी देतो ती वापरून दाखवा."

आमच्या गुरांच्या डॉक्टर येसेनिया तापुयिमा यांच्याकडून मी नवी कोरी पट्टी मागून आणली होती. माझी खात्री होती की हा पट्ट्यांची अदलाबदल करतो. मायेस्त्रोने मोठ्या मनाने हात पुढे केला. "बुडवा, लेओकाका. तुमच्याच हाताने बुडवा."

मी बुडवली. सगळे माना उंचावून बघत होते. चौकोन निळाच राहिला.

मी असा तोंडघशी पडलो की विचारू नका. सासू पास्तोरा रांगेतून म्हणाली, "लेओ, तू बातम्या वाच बाबा. बाटल्या वाचायला दुसरी माणसं आहेत." सगळा धक्का हसला. एर्मेलिंदाही हसली, आणि ते मला जास्त लागलं.

एर्मेलिंदा माझी कोमाद्रे. म्हणजे तिच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाबहिणीच्या वरचढ. मुलगी शिकायला लिमाला गेली ती तिकडचीच झाली. नवरा नोल्बेर्तो तापाने गेला. जाण्याआधीच्या पावसाळ्यात त्याने हे पिल्लू आपल्या टोपीत घालून आणलं होतं. त्यामुळे ओबिस्पो नुसता बोका नव्हता. एर्मेलिंदा रोज सकाळी त्याला विचारायची, "काय म्हणता, आज पावदान मासा घ्यावा की बोकिचिको?" आणि त्याच्या उत्तराप्रमाणे बाजार करायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग तो आजारी पडला. पाण्याचं भांडं रिकामं करायचा, पुन्हा म्यॅव करायचा. खायचा राक्षसासारखा आणि वाळत चालला होता. डॉक्टर येसेनियांनी तपासलं, मधुमेह सांगितला, आणि एर्मेलिंदाला मानेवरची कातडी चिमटीत धरून इन्शुलीन टोचायला शिकवलं. भात बंद, पाव बंद, उकडलेला मासा फक्त. खानावळीच्या मासळीच्या तराजूला टोपली लटकवून त्यात ओबिस्पोला वजनाला बसवत. मूत गोळा करायची युक्तीही त्यांचीच. त्याच्या मातीच्या पाटीत वाळूऐवजी त्यांनी आमच्या जंगलातल्या लाल-काळ्या, गुंजेसारख्या टणक बिया घातल्या. त्या पाणी शोषत नाहीत, सगळं तळाशी साठतं, पट्टी बुडवता येते.

महिनोन् महिने एर्मेलिंदाने हे केलं. इन्शुलीन हळूहळू कमी होत गेलं आणि एके दिवशी लागेनासंच झालं. मांजरांच्या बाबतीत असं होऊ शकतं. नीट खाणं आणि वेळेवर औषध मिळालं तर त्यांचं शरीर पुन्हा आपलं आपण साखर सांभाळू लागतं. डॉक्टरीणबाई खुश झाल्या, पण त्यांनी बजावून सांगितलं. तेव्हा मी तिथेच मासा खात बसलो होतो.

"बरा झाला असं म्हणायचं नाही, एर्मेलिंदाबाई. आजार झोपलाय. आपण पाय न वाजवता चालायचं."

"म्हणजे काय करायचं?"

"भात नाही म्हणजे नाही. आठवड्याला पट्टी. वजन बघायचं. आणि पाण्याच्या भांड्यावर नजर ठेवायची. तो जास्त पाणी प्यायला लागला की त्याच दिवशी मला हाक मारायची."

नेमकं त्याच सुमारास मायेस्त्रो गावात उतरला होता. इन्शुलीन आधीच थेंबावर आलं होतं तेव्हा एर्मेलिंदाच्या चुलतबहिणीने त्याला बोलावलं. त्याने बोक्यावर धूर फुंकला, पाटीत झाकणभर पाणी ओतलं, आणि पुढच्याच आठवड्यात सुया बंद झाल्या. झालं. महिनोन् महिन्यांचा उकडलेला मासा सगळे विसरले आणि झाकणभर पाणी तेवढं लक्षात राहिलं. पेशंट उठून बसला त्या क्षणी जो खाटेशी उभा असतो तो भाव खाऊन जातो, दुसरं काय!

मायेस्त्रोने पथ्यही मोडून टाकलं. म्हणाला, "समूळ बरं झालेल्याला कसलं पथ्य? सगळं खाऊ द्या. फक्त पट्टी लावण्याआधी पाटीत झाकणभर चंद्रजल ओतत जा. आणि सुई? सुई पुन्हा टोचलीत तर चंद्र रुसेल आणि जनावर त्याच दिवशी मरेल."

आता आमच्या लोकांची एक खोड ऐका. लाँचने प्रवासाला निघायचं म्हणजे शिदोरी हुआनेची. हुआने म्हणजे पानात बांधून उकडलेला भाताचा गोळा, आत कोंबडीचा तुकडा आणि अंडं. दोन दिवस टिकतो. आणि शिदोरी उघडली की यजमानाच्या घरच्या प्रत्येकाला घास द्यायचा. न देणारा हलका आणि न घेणारा त्याहून हलका. आता दर्शनाला येणारा प्रत्येक जण लाँचने येणारा, प्रत्येकाच्या गाठोड्यात हुआने, आणि यजमान कोण, तर ओबिस्पो. दिवसभर त्याच्यापुढे भाताच्या ढिगाऱ्यावर ढिगारा! एर्मेलिंदाने कुणाला नको म्हटलं असतं तर नदीभर तिचं नाव खराब झालं असतं. कोंबडीच्या वासाने बोका भात चाटूनपुसून खायचा.

तर त्या रविवारी, माझी फजिती झाल्यावर, मी खानावळीच्या मागच्या बाजूला तोंड धुवायला गेलो. तिथे ओबिस्पो बादलीत डोकं घालून पाणी पीत होता. मी तोंड धुतलं, रुमालाने पुसलं, चष्मा पुसला, आणि तो पीतच होता. पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागले.

मी डॉक्टर येसेनियांना ओढतच आणलं. त्यांनी बोक्याच्या कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात घातला आणि आकडा बघून चेहरा पाडला.

"साखर पुन्हा चढली आहे. भरपूर. आजच इन्शुलीन सुरू करायला हवं. असंच चालू राहिलं तर हा खाणं सोडेल, आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही."

"साफ खोटं," एर्मेलिंदा म्हणाली. "परवाच पट्टी लावली. निळी होती."

"पट्टी कशी लावलीत?"

"मायेस्त्रोंनी सांगितली तशी. आधी झाकणभर चंद्रजल, मग पट्टी."

"पाणी न घालता लावून बघू या."

"आणि चंद्र रुसला तर?" एर्मेलिंदाने बोक्याला उचलून छातीशी धरलं. "डॉक्टरबाई, तुम्ही पुष्कळ केलंत, मी विसरले नाही. पण सुई लावू देणार नाही. तो मेला तर माझ्या हातून मेला असं होईल. नोल्बेर्तोला मी काय तोंड दाखवू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या बाईला मी नवऱ्याच्या मयताला रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या मायेस्त्रोचा असा राग आला, की त्याची एक बाटली तिथे फळीवर होती ती मी उचलली, बूच काढलं आणि तोंडाला लावली.

"कोंपाद्रे! निरोग्याने प्यायलं तर जीभ जळते!"

जीभ जळली नाही. दात आंबले. डोळे मिटले, कानशिलं ताठ झाली, अंगावर शहारा आला. आणि हा शहारा माझ्या ओळखीचा होता. आमच्या गावात जन्मलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. पुराच्या पाण्यात उभ्या झुडपांवरची ती आंबटढाण लालसर फळं, जी आम्ही साखर घालून सरबताला वापरतो.

"कामू-कामू!" मी ओरडलो. "साल काढून गाळलेलं कामू-कामू! म्हणून रंग नाही!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातून बाटली घेतली, जिभेला लावली, आणि कपाळावर हात मारला.

"आणि मी पट्टी निळी का राहते म्हणून डोकं खाजवत बसले होते! कामू-कामूत क जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. ते या पट्टीला फसवतं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. साखर लागली की पट्टीवरच्या औषधाचा रंग बदलतो. पण क जीवनसत्त्व भरपूर असलं तर ते मध्येच पडतं आणि रंग उमटूच देत नाही. साखर आहे तिथेच असते. पट्टी आंधळी होते."

"म्हणजे माझी पट्टी खरी होती?"

"तुमची पट्टी खरी होती, लेओकाका. ग्लास खोटा होता."

मला वाटलं, झालं, सुटलो. पण एर्मेलिंदा हट्टाची. "कामू-कामूही देवानेच केलंय," ती म्हणाली. "त्यात चंद्र उतरला असेल. तुम्ही दोघं त्यांच्यावर जळता. एक गर्दी बघून, दुसरा फजिती होऊन." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांच्या तोंडावर दाखवा. मायेस्त्रोंनी घालवलेली साखर गेली नाही, हे मला कळू दे. मग मी स्वतः टोचेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं. पण बोक्याचे दिवस किती उरलेत, हे कुणाला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी गर्दी तशीच होती, कारण कालचे निम्मे लोक धक्क्यावरच झोळ्या टांगून झोपले होते. मायेस्त्रो बाकावर चढायच्या बेतात असताना डॉक्टर येसेनिया पुढे झाल्या. हातात स्वच्छ पाण्याचा ग्लास आणि मधाची बाटली. सगळ्यांच्या देखत त्यांनी पाण्यात मध ढवळला.

"मायेस्त्रो, काल तुम्ही मांजरीच्या मुतातली साखर घालवलीत. आज मधाच्या पाण्यातली घालवाल? सूर्य तोच, नाही का?"

गर्दीने कान टवकारले. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि त्याला नाही म्हणायचंही नव्हतं. त्याचा आपल्या बाटलीवर विश्वास होता. मी पट्टी बुडवली. चौकोन तपकिरी झाला. त्याने झाकणभर पाणी ओतलं, पुटपुटला, धूर फुंकला. दुसरी पट्टी बुडवली. निळा!

"गेला सूर्य!" टाळ्या.

"सगळा गेला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुळासकट! एक किरण उरला नाही!"

"वा! म्हणजे आता हे पाणी गोड लागणार नाही. घ्या, पिऊन सांगा."

टाळ्या थांबल्या. मायेस्त्रोने ग्लासाकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "मी कसा पिऊ? माझी जीभ उपासाची आहे. याचा निवाडा निष्पाप जिवानेच करावा." आणि त्याने बोट दाखवलं ओबिस्पोकडे. "ज्याच्यावर कृपा झाली, तोच सांगेल!"

हुशार माणूस, हे कबूल करावं लागेल. ग्लास ओबिस्पोच्या नाकाशी नेला. बोक्याने हुंगलं, मिश्या आखडल्या आणि तोंड फिरवलं.

"बघा! गोड असतं तर चाटलं नसतं?"

लोक माना डोलवायला लागले. पण डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "मांजराला गोड कळतच नाही, मायेस्त्रो. कुठल्याच मांजराला. त्यांच्या जिभेला ती चवच नाही. घरी जाऊन आपल्या मांजरापुढे एकीकडे साखरेचं पाणी आणि एकीकडे साधं पाणी ठेवून बघा. काल सगळ्या नदीच्या मांजरांची साखर काढायला निघालात, आणि मांजराला गोड लागत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला लागतं!" रांगेतून आवाज आला. सासू पास्तोरा. "मला साखर आहे, किती वर्षं गोड जिभेला लावू दिलं नाही मेल्यांनी! मी चाखते!"

"बोट बुडवून फक्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पास्तोराने बोट बुडवलं, चोखलं, पुन्हा बुडवायला गेली तेव्हा जावई सावलीतून पळत आला. "मध आहे गं बाई!" ती ओरडली. "आंबटगोड मध! कुठे गेलाय सूर्य? इथेच बसलाय!"

पण मी बघत होतो एर्मेलिंदाकडे. ती कधी पुढे आली कळलं नाही. तिने ग्लास उचलला आणि एक मोठा घोट घेतला. घोट तोंडात धरून ती उभी राहिली, जशी रश्शाची चव घेताना राहते. मग गिळला.

"गोड आहे," ती हळूच म्हणाली.

"बाई, श्रद्धा कमी पडली की..." मायेस्त्रो सुरू झाला.

"गप रे!" एर्मेलिंदा आत गेली आणि सरबताला काढून ठेवलेल्या कामू-कामूच्या रसाचं भांडं घेऊन आली. नव्या ग्लासात मध ढवळला. पट्टी, तपकिरी. त्यात तिने आपला रस ओतला, अगदी मायेस्त्रोच्या झाकणाएवढा, आणि धूरबीर काही न करता पट्टी बुडवली. निळी.

"मीही मायेस्त्रो झाले," ती गर्दीला म्हणाली. "दुपारपर्यंत तुम्ही सगळे व्हाल. प्रत्येकाच्या परसात कामू-कामू आहे." मग त्याच्याकडे वळली. "माझा बोका मरत होता, आणि तू माझ्याकडून त्याच्या मुतात सरबत ओतून घेत होतास! पट्टी निळी, म्हणून मी त्याला भात खाऊ दिला. तो तहानेने तडफडत होता आणि मी म्हणत होते, किती छान पाणी पितोय!"

हे बोलताना ती रडत होती, आणि मीही चष्मा पुसला. 

"सुई टोचलीस तर तो आत्ता, इथे मरेल!" मायेस्त्रोने शेवटचा फासा टाकला. आवाज चिरकला होता, पण धमकी ती धमकी. पातेलेवाल्या बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. मला माहीत होतं की काही होणार नाही, तरी मीही हळूच तशीच खूण केली.

एर्मेलिंदाने खाली बसून ओबिस्पोपुढे उकडलेल्या माशाचे तुकडे ठेवले. तो खाऊ लागला तशी डॉक्टरीणबाईंनी भरलेली सुई तिच्या हातात दिली. तिने मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. ओबिस्पोने कानसुद्धा हलवला नाही. मासा संपवला, ताटली चाटली, पास्तोराच्या गाठोड्याशी जाऊन बसला आणि हुआने मागायला लागला.

"मेला?" पास्तोराने विचारलं.

"भुकेने मेलाय," मी म्हणालो. मग जो हशा पिकला तो थांबेचना. त्या हशात मायेस्त्रोने पेटी आवरली आणि सुटायच्या बेतातल्या लाँचवर चढला. कुणी त्याला अडवलं नाही की मारलं नाही. लाँच नदीच्या मध्यावर गेली तेव्हा पोरांनी काठावरून आरोळी दिली, "मायेस्त्रो, सूर्य विसरलात!"

लोक लगेच गेले नाहीत. डॉक्टर येसेनियांनी खानावळीतच टेबल मांडलं आणि आलेल्या मांजरी तपासायला घेतल्या. पुष्कळांना साखर नव्हतीच, नुसते जंत होते. पातेल्यातल्या मांजरीला होती. तिच्या मालकिणीला सुई धरायला एर्मेलिंदाने शिकवलं, पास्तोराला मात्र दम देऊन आरोग्य केंद्रात पाठवलं. तिने घरी आपली औषधं बंद केली होती, चंद्राच्या भरवशावर. हे ऐकून मला जो हादरा बसला तो मी विसरणार नाही. बोक्याची गंमत म्हणून आम्ही हसत होतो, आणि माणसं आपल्या जिवावर उदार होऊन रांगेत उभी होती.

ओबिस्पो सावरला. पाण्याचं भांडं पुन्हा दिवसभर पुरायला लागलं, तराजूची टोपली खाली झुकायला लागली. परवा मी जेवायला गेलो तर एर्मेलिंदा डॉक्टरीणबाईंना विचारत होती, "सुया पुन्हा बंद होतील ना हो?"

"होतील कदाचित. लवकर पकडलंय, पथ्य नीट चाललंय. पण पहिल्यासारखं होईलच असं नाही."

"आणि बंद झाल्या तर पुन्हा सुरू होणार नाहीत?"

"माहीत नाही."

मला वाटलं, एर्मेलिंदाचा चेहरा उतरेल. ती म्हणाली, "बरं. मग मी बघत राहते," आणि मासा तळायला वळली.

वाचकहो, त्या मायेस्त्रोने महिनाभर आमच्या धक्क्यावर भाषणं केली. त्याच्या तोंडून "माहीत नाही" हे शब्द एकदाही निघाले नाहीत. त्याला सगळं माहीत होतं, फक्त मांजराला गोड लागत नाही एवढं सोडून. उद्या तुमच्या गावातही कुणी बाटली घेऊन येईल आणि समूळ, कायमचं, पथ्यपाण्याविना बरं करतो म्हणेल. पट्टीचा रंग बदलून दाखवेल, आणि तो रंग खराच बदललेला असेल. तेव्हा टाळी वाजवायला उचललेला हात जरा थांबवा. त्याच हाताने ग्लास उचला आणि आधी चव घेऊन बघा.